जस्त, तांबं आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या लॅबमध्ये बरीच वर्षं मी हा प्रयोग मुलांकडून करून घेतेय, आणि धातूंचा धडा आला की दरवर्षी तेच प्रश्न येतात, मुलांचे पण आणि त्यांच्या आईबाबांचे पण. गाइडमध्ये दोन ओळींत उत्तर असतं, जस्त क्रिया करतं, तांबं करत नाही, संपलं. पण टेस्टट्यूबमध्ये प्रत्यक्षात जे दिसतं ते त्या दोन ओळींत बसत नाही आणि मग मुलं स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा सोडून देतात, ते मला फार लागतं. म्हणून सगळे प्रश्न एकत्र लिहून काढलेत.

आधी थोडक्यात सांगा, नेमकं होतं काय?

विरल (पाणी घालून पातळ केलेल्या) हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये जस्ताचा तुकडा टाकला की बुडबुडे येतात, ट्यूब गरम होते, तुकडा हळूहळू झिजतो आणि द्रावण रंगहीनच राहतं. समीकरण शब्दांत असं: जस्त + २ हायड्रोक्लोरिक आम्ल → झिंक क्लोराइड + हायड्रोजन. तोच प्रयोग तांब्याच्या तुकड्याने केला तर काही होत नाही. बुडबुडे नाहीत, गरम होणं नाही, तुकडा जसाच्या तसा.

पण जस्त का आणि तांबं का नाही? दोन्ही धातूच ना?

हा सगळा इलेक्ट्रॉनचा व्यवहार आहे. ॲसिडमध्ये हायड्रोजनचे धन आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले अणू असतात, त्यांना इलेक्ट्रॉन मिळाले की दोन-दोन जोडीने हायड्रोजन वायू होऊन बाहेर पडतात. प्रश्न एवढाच की इलेक्ट्रॉन देणार कोण. इलेक्ट्रॉन घ्यायची ओढ किती ते सांगणाऱ्या आकड्याला प्रमाण विभव म्हणतात: जस्ताचं उणे ०.७६ व्होल्ट, हायड्रोजनचं शून्य धरलेलं, तांब्याचं अधिक ०.३४ व्होल्ट. म्हणजे जस्त हायड्रोजन आयनला इलेक्ट्रॉन आपणहून देतं, आणि तांबं देत नाही, उलट तांब्याच्या आयनलाच कोणाकडून तरी इलेक्ट्रॉन हवे असतात. क्रियाशीलता श्रेणीत जस्त हायड्रोजनच्या वर आणि तांबं खाली, ते ह्याच कारणाने.

अकरावी-बारावीची मुलं पुढे विचारतात की तांबं असं का वागतं, आवर्तसारणीत तर दोघं शेजारी आहेत, २९ आणि ३० क्रमांक. कारण मुख्यतः हे की तांब्याचे अणू एकमेकांना फार घट्ट धरून असतात. एक मोल (अणू मोजायचं ठरावीक माप, जसं डझन) तांब्याचे अणू सुटे करायला साधारण ३३९ किलोज्यूल लागतात, जस्ताला फक्त १३० च्या आसपास. पुढे आयन पाण्यात गेल्यावर जी ऊर्जा सुटते ती तांब्याच्या बाबतीत थोडी जास्तच आहे पण तेवढ्याने हा खड्डा भरत नाही. तांब्याची तार इतकी मजबूत आणि जस्ताचा वितळणबिंदू इतका कमी (४२० अंश सेल्सिअस, तांब्याचा १०८५) त्याच्या मुळाशी पण हीच गोष्ट आहे.

माझ्या प्रयोगात तांब्याच्या तारेवरच बुडबुडे आले! पुस्तक चुकलंय का?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे, आणि हे बघितलेल्या मुलाला "तू चुकीचं बघितलंस" असं कृपया कोणी सांगू नका. त्याने बरोबर बघितलंय.

बहुतेक वेळा झालेलं असतं असं की एकाच चंचुपात्रात जस्त आणि तांबं दोन्ही टाकलं आणि ती दोघं एकमेकांना टेकली. टेकल्या क्षणी तांब्यावर बुडबुड्यांची रांग सुरू होते, आणि लांब केली की थांबते. परत टेकवा, परत सुरू. वर्गात हे करून दाखवलं की मागच्या बाकावरची मुलं सुद्धा उठून पुढे येतात.

होतं असं की जस्त इलेक्ट्रॉन सोडतं, ते इलेक्ट्रॉन धातूतून धातूत, म्हणजे जस्तातून तांब्यात जातात, आणि हायड्रोजनचे आयन तांब्याच्या पृष्ठभागावर येऊन ते उचलतात. जस्ताच्या पृष्ठभागावर हायड्रोजन वायू तयार व्हायला अडखळतो, तांब्यावर तेच काम कितीतरी पटींनी सोपं जातं, म्हणून बुडबुडे तिकडे. खर्च जस्ताचा होतोय, तांबं फक्त जागा देतंय. पटत नसेल तर प्रयोगाआधी तांब्याची तार स्वच्छ घासून वजन करा, जस्ताचं पण करा, १० मिनिटांनी दोन्ही धुवून कोरडं करून परत वजन करा. जस्त घटलेलं दिसेल, तांबं जवळपास तेवढंच.

आणि ह्याच मांडणीत दोघांना टेकू न देता मधे तार जोडली तर त्या तारेतून वीज वाहते, तो झाला सेल. व्होल्टाने १८०० साली जस्त आणि चांदी किंवा तांब्याच्या चकत्या, मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे असा जो थर रचला तो ह्याच तत्त्वावर. तेव्हा "बुडबुडा कुठे दिसला" आणि "विरघळलं कोण" हे दोन वेगळे प्रश्न आहेत, वहीत दोन वेगळ्या ओळींत लिहायची सवय मी मुलांना लावते.

जस्त टाकलं पण काहीच होईना. ॲसिड खराब आहे का?

ॲसिड खराब असायची शक्यता कमी. तीन गोष्टी बघा. एक, जस्तावर ऑक्साइड-कार्बोनेटचा राखाडी थर असतो, तो विरघळेपर्यंत पहिलं अर्धं-एक मिनिट शांतच जातं, पॉलिशपेपरने घासून टाका. दोन, कोणीतरी ॲसिड फारच पातळ केलंय. तीन, आणि हे ऐकून सगळे चकित होतात, तुमचं जस्त जास्तच शुद्ध आहे.

हो, शुद्ध जस्त ॲसिडमध्ये आळशासारखं वागतं, कारण वर सांगितलं तेच, जस्ताच्या स्वतःच्या पृष्ठभागावर हायड्रोजन सहज तयार होत नाही. साध्या बाजारी जस्तात शिसं, लोखंड वगैरेचे कण असतात आणि तिथे तिथे छोटे छोटे सेल तयार होतात म्हणून ते जोरात चालतं. ऑग्युस्त द ला रीव्ह ह्या जिनिव्हाच्या शास्त्रज्ञाने १८३० मध्ये सल्फ्युरिक ॲसिडवर काम करताना हे दाखवून दिलं होतं.

उपाय सोपा, मोरचुदाच्या द्रावणाचे दोन-तीन थेंब टाका. लगेच फसफसायला लागेल.

मोरचूद टाकल्यावर जस्तावर काळं-तपकिरी काहीतरी बसलं. ते काय?

ते तांबंच. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, त्यातल्या तांब्याच्या आयनना जस्ताने इलेक्ट्रॉन दिले आणि तांबं बारीक भुकटीच्या रूपात जस्तावर बसलं. भुकटी इतकी बारीक असते की लालऐवजी काळपट दिसते. मग ह्या तांब्यावरून बुडबुडे निघायला लागतात, म्हणजे वरच्या प्रश्नातला तारेचा खेळ आता जस्ताच्या अंगावरच चालू होतो. शेवटी सगळं जस्त विरघळल्यावर तळाशी जो गाळ उरतो त्यात हे तांबं असतं, आणि मोरचूद न टाकता पण थोडा काळा गाळ उरला तर त्या जस्तातल्या भेसळीच्या धातूंचे कण आहेत.

बाहेर येणारा वायू हायड्रोजनच आहे कशावरून?

ट्यूबच्या तोंडाशी पेटती काडी नेली की "फट्" असा छोटा आवाज होतो. फक्त ह्या एका टेस्टमध्येच घोटाळे होतात म्हणून नीट वाचा. उघड्या टेस्टट्यूबमध्ये २-३ सेंटिमीटर ॲसिड आणि हरभऱ्याएवढा तुकडा, एवढ्यावरच करायची. शंकुपात्र, बूच आणि नळी लावून वायू गोळा करताय तर त्या नळीच्या टोकाशी काडी न्यायची नाही, म्हणजे नाहीच. हवेत हायड्रोजन ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत असेल तर मिश्रण पेट घेतं, एवढा मोठा पट्टा आहे हा, आणि बंद काचेच्या भांड्यात ते पेटलं की काचा उडतात. वायू वेगळ्या टेस्टट्यूबमध्ये पाण्याखाली गोळा करा, ती ट्यूब उपडीच धरून लांब न्या आणि तिथे टेस्ट करा.

हेन्री कॅव्हेंडिशने १७६६ मध्ये जस्त, लोखंड, कथील ह्या धातूंवर ॲसिड टाकूनच ह्या वायूचा अभ्यास केला होता, त्याला तो "ज्वालाग्राही हवा" म्हणायचा. १७८३ मध्ये पॅरिसमध्ये जॅक चार्ल्सने हायड्रोजनचा फुगा उडवला त्याचा वायू पण लोखंडाचा कीस आणि सल्फ्युरिक ॲसिडपासून बनवलेला. टेस्टट्यूबमधला बुडबुडा आणि तो फुगा, क्रिया एकाच जातीची.

हायड्रोजनला वास नसतो म्हणतात, मग नाकाला झोंबतं ते काय?

बुडबुडे फुटताना ॲसिडचे बारीक तुषार हवेत उडतात, ते झोंबतं. कधी बाजारी जस्तात गंधक किंवा आर्सेनिकचा अंश असतो, त्यामुळे पण घाण वास येतो आणि तो वायू विषारी असतो. जेम्स मार्शने १८३६ मध्ये आर्सेनिकचं विष ओळखायची जी टेस्ट काढली ती जस्त आणि ॲसिडवरच चालायची. तेव्हा खिडक्या उघड्या, आणि ट्यूबवर वाकून हुंगायचं नाही.

परीक्षेत गणित येतं, किती ग्रॅमला किती वायू?

६५.४ ग्रॅम जस्ताला २ मोल ॲसिड लागतं आणि १ मोल हायड्रोजन मिळतो, म्हणजे २ ग्रॅम, शून्य अंश सेल्सिअस आणि एक वातावरण दाबाला २२.४ लिटर. १ ग्रॅम जस्त घेतलं तर साधारण ३४० मिली.

पण मुलं मार्क घालवतात ती "ॲसिड किती आहे" हे न बघितल्यामुळे. समजा ६.५४ ग्रॅम जस्त आणि १ मोलर (म्हणजे लिटरमागे १ मोल) ॲसिड १०० मिली. जस्त ०.१ मोल, त्याला ॲसिड लागणार ०.२ मोल, आणि आपल्याकडे आहे ०.१ मोलच. म्हणजे ॲसिड आधी संपणार, अर्धं जस्त तसंच उरणार आणि वायू मिळणार ०.०५ मोल, म्हणजे १.१२ लिटर. उष्णता पण काढता येते, एक मोल जस्तामागे साधारण १५३ किलोज्यूल सुटतात, इथे ०.०५ मोलला ७.७ किलोज्यूल, आणि १०० मिली द्रावण तेवढ्याने साधारण १८ अंशांनी तापेल. प्रत्यक्षात थोडं कमी तापतं कारण काच पण तापते आणि उष्णता हवेत जाते.

तांबं ॲसिडमध्ये रात्रभर विसरलो, सकाळी द्रावण हिरवट! आता काय म्हणायचं?

म्हणायचं की हवेने मदत केली. हायड्रोजन आयनला तांबं इलेक्ट्रॉन देत नाही पण ऑक्सिजनला देतं. हवेतला ऑक्सिजन ॲसिडमध्ये थोडा थोडा विरघळत राहतो, आणि मग तांबं + ऑक्सिजन + हायड्रोक्लोरिक ॲसिड मिळून कॉपर क्लोराइड आणि पाणी तयार होतं. हायड्रोजन निघतच नाही, म्हणून बुडबुडे दिसत नाहीत. एकदा थोडं कॉपर क्लोराइड तयार झालं की ते स्वतःच उरलेल्या तांब्यावर क्रिया करतं, हवेने परत ताजंतवानं होतं, परत क्रिया करतं, त्यामुळे पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवशी वेग जास्त. ट्यूब काठोकाठ भरून बूच घट्ट लावून ठेवली आणि दुसरी उघडी ठेवली तर फरक तुम्हालाच दिसेल.

इलेक्ट्रॉनिक्सवाली मुलं सर्किट बोर्डवरचं नको असलेलं तांबं फेरिक क्लोराइडने किंवा हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड घालून काढतात, तिथे पण इलेक्ट्रॉन घेणारा कोणीतरी तिसरा आणलेला असतो. आणि उकळत्या संहत (पातळ न केलेल्या, तीव्र) ॲसिडमध्ये तांब्याची बारीक भुकटी टाकली तर हळूहळू हायड्रोजन निघतो सुद्धा, कारण भरपूर क्लोराइड आयन तांब्याला धरून द्रावणात ओढतात. म्हणून "तांबं हायड्रोक्लोरिक ॲसिडशी कधीच क्रिया करत नाही" असं लिहू नका, "विरल ॲसिडमधून हायड्रोजन मुक्त करत नाही" असं लिहा. मार्क तेवढेच, पण वाक्य खरं.

काळं पडलेलं तांब्याचं भांडं ॲसिडने चकचकीत होतं, मग क्रिया झालीच ना?

झाली, पण तांब्याशी नाही, वरच्या थराशी. काळा थर कॉपर ऑक्साइडचा, हिरवा थर बहुतेक कार्बोनेटचा, हे दोन्ही ॲसिडमध्ये विरघळतात आणि खालचं तांबं उघडं पडतं. ऑक्साइडमधल्या तांब्याचे इलेक्ट्रॉन आधीच गेलेले असतात त्यामुळे इथे इलेक्ट्रॉनची देवाणघेवाणच नाही, साधं आम्ल आणि आम्लारी.

देवघरातला तांब्या, पाण्याचा बंब, घंगाळ आपण चिंचेने किंवा लिंबू-मिठाने घासतो ते हेच. चिंचेत टार्टारिक आम्ल, लिंबात सायट्रिक, आणि मिठातला क्लोराइड आयन थर सुटायला मदत करतो. ह्यासाठी हायड्रोक्लोरिक ॲसिड घरात आणायची काही गरज नाही. पण घासून झालं की पाण्याने स्वच्छ धुवून लगेच कोरडं पुसा, नाहीतर तासाभरात परत डाग.

आणि ताक किंवा आमटी कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात ठेवली की कळकते, आजी ओरडायची त्यामागे पण वरच्या प्रश्नातलीच केमिस्ट्री आहे: सौम्य आम्ल, हवा आणि उघडं तांबं. कल्हई म्हणजे आत कथलाचा थर. कल्हईवाले तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकायचे आणि पांढरा धूर निघायचा, तो नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, तापल्यावर त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड सुटतो, आणि तो भांड्यावरचा ऑक्साइड साफ करतो म्हणून कथील नीट धरतं.

पितळ म्हणजे तांबं + जस्त. ते ॲसिडमध्ये टाकलं तर?

पितळेतलं जस्त तांब्यात पूर्ण मिसळून गेलेलं असतं त्यामुळे नुसत्या जस्ताच्या तुकड्यासारखं फसफसत नाही. पण बराच वेळ ठेवलं तर जस्त हळूहळू निघून जातं आणि पृष्ठभागावर लालसर, सच्छिद्र तांबं उरतं. पितळी समई ॲसिडने घासल्यावर गुलाबी डाग पडले अशी तक्रार येते ती ह्यामुळे. ते डाग ब्रासोने किंवा पितांबरीने घासून कमी होतात, पण गेलेलं जस्त परत येत नाही.

मग नायट्रिक ॲसिडमध्ये तांबं कसं विरघळतं?

तिथे इलेक्ट्रॉन हायड्रोजन आयन घेत नाही, नायट्रेट घेतो, आणि तो फार भुकेला असतो. म्हणून हायड्रोजनऐवजी तपकिरी, विषारी नायट्रोजन डायऑक्साइडचा धूर येतो. परीक्षेत "तांबं + नायट्रिक ॲसिड → हायड्रोजन" लिहिलं की चूक.

घरी करू का? जुन्या सेलचं जस्त आणि टॉयलेट क्लीनर आहे.

मोठं माणूस सोबत नसेल तर नाही. असेल तरी दोन गोष्टी ऐका.

साध्या, स्वस्त पेन्सिल सेलचं कवच जस्ताचं असतं हे खरं, पण आतली काळी पूड मँगनीज डायऑक्साइडची असते, आणि ती जोरदार हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये पडली की क्लोरीन वायू निघतो. शीलेने १७७४ मध्ये क्लोरीन ह्याच रीतीने मिळवला. आमच्याकडे एकदा एका मुलाने नीट न पुसलेलं कवच तसंच टाकलं आणि सगळा वर्ग बाहेर काढावा लागला, तेव्हापासून मी सेलचं जस्त लॅबमध्ये येऊच देत नाही. अल्कलाइन आणि लिथियमचे सेल तर उघडायचेच नाहीत.

दुसरं, हार्पिकसारख्या क्लीनरमध्ये साधारण १० टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, ते ब्लीचिंग पावडर किंवा कपड्यांच्या ब्लीचबरोबर कधीही, कुठल्याही कारणाने मिसळायचं नाही. तिथेही क्लोरीन. संडास धुताना "दोन्ही टाकलं की जास्त स्वच्छ" असं समजून लोकांनी जीव धोक्यात घातलेत.

ॲसिड पातळ कसं करायचं?

पाण्यात ॲसिड, थोडं थोडं, ढवळत. ॲसिडमध्ये पाणी नाही. लॅबमधलं संहत ॲसिड साधारण ३७ टक्के, म्हणजे १२ मोलरच्या आसपास असतं. त्यातलं ८३ मिली घेऊन एकूण एक लिटर केलं की १ मोलर. ह्या प्रयोगाला १ ते २ मोलर पुरतं.

बाथरूमच्या ॲसिडने पत्र्याची बादली खराब झाली, का?

जीआयची बादली म्हणजे लोखंडावर जस्ताचा मुलामा. ॲसिड आधी तो मुलामा खातं, मग लोखंड उघडं पडतं आणि गंजतं. ॲसिडसाठी प्लॅस्टिकचीच बादली वापरा.

पत्र्याचं काम करणारे मात्र हीच क्रिया मुद्दाम करतात: ॲसिडमध्ये जस्ताचे तुकडे टाकत राहायचं, फसफस पूर्ण थांबली आणि जस्त उरलं की ॲसिड संपलं आणि झिंक क्लोराइडचं द्रावण तयार झालं. डाग देताना, म्हणजे सोल्डरिंग करताना हे द्रावण लावलं की पत्र्यावरचा ऑक्साइड निघतो आणि डाग पक्का बसतो.

हातावर ॲसिड उडालं तर?

लगेच वाहत्या पाण्याखाली धरा, किमान १५ मिनिटं. डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून तेवढाच वेळ पाणी आणि तिथून थेट डॉक्टर. त्वचेवर किंवा डोळ्यात सोडा टाकू नका. चष्मा आधीपासून घातलेला हवा.

उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतलं तर चालेल?

तसंच नको. आधी उरलेलं जस्त काढून घ्या, धुवून सुकवा, पुढच्या बॅचला चालतं. द्रावणात धुण्याचा सोडा थोडा थोडा घाला, फेस येईल तो कार्बन डायऑक्साइडचा, फेस थांबला आणि पांढरा साका खाली बसला की जस्त कार्बोनेटच्या रूपात बाहेर आलं. साका गाळून कागदात बांधून वेगळा ठेवा, वरचं पाणी भरपूर पाण्याबरोबर सोडा. तांब्याचं हिरवं-निळं द्रावण असेल तर जास्तच काळजी घ्या, थोडंसं तांबं पण माशांना आणि शेवाळाला मारक असतं, म्हणून ते ओढ्या-विहिरीच्या जवळपास ओतायचं नाही. आम्ही लॅबमध्ये त्याच्यासाठी झाकणाची एक वेगळी बरणी ठेवलीय, त्यात जुने लोखंडी खिळे टाकून ठेवतो, दोन दिवसांत निळा रंग जातो आणि खिळ्यांवर लाल तांबं बसलेलं असतं. मुलं रोज मधल्या सुट्टीत ती बरणी बघायला येतात.